शेवटच्या ढिगाची सोयरीक

भावोजी, शेजारच्या दामूकाकांचा प्लॉट रिकामा झाला. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून बाकीची कामं बाजूला सारून लिहायला बसले. राडारोड्याचा ढीग गेला. खाणीत नाही गेला, डंपरही आला नाही. तुम्ही गेल्यापासून घरात जो तो माझ्याशी हळू आवाजात बोलतोय, आणि मला मात्र तुमच्याशी मोठ्यानं बोलायचंय, नेहमीसारखं, साइटच्या ह्या टोकावरून त्या टोकाला.

लोक विचारतात, कशानं गेले? ताई सांगते, "जेवून गेले." खरंच आहे ते. भर श्रावणातली दुपार, अळूची भाजी तुम्ही मागून घेतलीत, पुन्हा एकदा मागून घेतलीत, "आज जमलीय हो" म्हणालात, पडवीतल्या बाकावर आडवे झालात ते उठलाच नाहीत. ताई रडते, डोळे पुसते आणि म्हणते, "मागितलीन तेव्हा वाढली, ते बरं झालं."

मी तुमच्याकडे आले अठ्ठ्याण्णव साली. कोकण रेल्वे नुकती धावायला लागली होती आणि मुंबईकरांना गावाकडे स्लॅबची घरं बांधायची हौस आली होती. रत्नागिरीपासून पूर्णगडपर्यंत जुनी कौलारू घरं उतरवायची कामं निघत होती. माझ्या हातात सिव्हिलचा डिप्लोमा होता, लग्न ठरत नव्हतं, आणि बाई इंजिनीअरला साइटवर घ्यायला एकही कंत्राटदार तयार नव्हता. घरचे चिंतेत. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे द्या, काहीतरी उपयोग होईल." उरल्यासुरल्याची सोय लावायची तुमची सवय मला तेव्हा ठाऊक नव्हती. कळलं तेव्हा आधी राग आला आणि मग इतकं हसू आलं की ताई आतून बघायला आली.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला एक घर बघायला नेलंत. पाडायचं होतं ते. मला वाटलं, नवीन घराची मापं घ्यायची असतील. तुम्ही मात्र दारावर टकटक केलंत, खिडकीच्या चौकटीला नखानं टोकरलंत, वाशांकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिलात. मग मला म्हणालात, "हं, इंजिनीअरीणबाई, ह्यातली लग्नाची कोण कोण?"

मला वाटलं, माणूस सटकलेला आहे.

तुमची पद्धत समजायला मला एक पावसाळा गेला. घर पाडण्याआधी घरातल्या प्रत्येक वस्तूची तुम्ही तीन गटांत वाटणी करायचात: जशीच्या तशी नांदेल ती, थोडं दुखणंखुपणं काढलं की नांदेल ती, आणि जिचं काही होणं नाही ती. मग पहिल्या दोघींच्या सोयरिकी जुळवायला स्कूटरवरून निघायचात. सागवानी दाराला लांज्याचं घर, खिडक्यांना पावसची शाळा, वाशांना कुणाचा तरी गोठा. जुना जांभ्याचा चिरा तर तुमचा सगळ्यात लाडका. हवा खाऊन खाऊन तो खाणीतल्या नव्या चिऱ्यापेक्षा टणक होतो, म्हणून त्याची तरफदारी तुम्ही सख्ख्या भाचीसारखी करायचात. गिऱ्हाईक वस्तू बघायला यायचं त्याला तुम्ही 'दाखवण्याचा कार्यक्रम' म्हणायचात आणि ताई मुकाट्यानं पोहे टाकायची.

ह्या कार्यक्रमावरून मी तुमच्याशी पहिलं मोठं भांडण काढलं, आठवतं? मी नुकतीच स्वतः अशा पोह्यांच्या बश्या घेऊन दोन-चार मुलाकडच्यांपुढे बसून आले होते. मी ओरडले, "दारालासुद्धा बघायला येतात आणि नाक मुरडून जातात, काय चाललंय काय हे?" पुढच्या खेपेला गिऱ्हाईक आलं तर तुम्ही दार कापडानं झाकून ठेवलेलं आणि समोर बसून त्यांचीच चौकशी चाललेली. घराला ओल येते का? दक्षिणेकडून पावसाचा मारा किती? दार कोण लावणार, कोण उघडणार, घरात आदळआपट करणारं कुणी आहे का? त्या बिचाऱ्या माणसानं घाबरून बायकोकडे बघितलं. "आधी मुलगी मुलाला बघणार," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे न बघता पोह्यांवर लिंबू पिळलंत. त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस सोडायचा नाही.

आणि खोड सांगायची तुमची रीत. वस्तूची खोड आधी सांगायची, किंमत मागाहून. "डाव्या फळीला वाळवी होती, काढल्येय. आषाढात जरा फुगते, खांद्यानं ढकलावी लागेल. रागीट नाही, पण हट्टी आहे." यामुळे हातातली गिऱ्हाइकं जायची. मी चिडायचे. तुम्ही म्हणायचात, "खोड ठाऊक असली ना गो, की माणूस सांभाळून घेतो." एवढ्यावरच थांबायचं नाही. सोयरीक झाली की दिवाळीनंतर माहेरचं माणूस म्हणून तुम्ही प्रत्येक वस्तूला बघून यायचात. लांज्याच्या त्या माणसानं आपल्या सागवानी दाराला झगझगीत गुलाबी ऑइलपेंट फासलेला पाहून तुम्ही चहाही न घेता परत आलात आणि दोन दिवस घरात सुतक पाळल्यासारखे वावरलात. "लोकांना लाज कशी वाटत नाही," एवढंच म्हणत होतात.

लांज्यावरून दुसरीही गोष्ट आठवली. ती मी तेराव्याला आलेल्या सगळ्यांना सांगितली, रागवू नका. एका घराच्या देवघराची भिंत तुमच्याकडच्या जुन्या चिऱ्यांची होती. तुम्ही शिरस्त्याप्रमाणे बघायला गेलात, मला मागे बसवून. घरातल्या आजींनी कौतुकानं विचारलं, "चिरा सुंदर हो. कुठल्या वाड्यातला म्हणायचा?" दुसरा कुणी असता तर 'जुन्या घराचा' म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही म्हणालात, "गोठ्यातला." सुनेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. देव आमच्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. आजींनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "गायीच्या ना? म्हशीच्या नव्हे ना?"

"गायीच्या," तुम्ही म्हणालात.

"मग काय, उलट चांगलंच," आजी म्हणाल्या आणि सून हसली.

परत येताना मी स्कूटरवर मागून म्हणत राहिले, की तो गोठा मीही पाहिलेला, त्यात म्हशी होत्या. तुम्ही म्हणालात, "कोपऱ्यात एक गायही होती." होती का हो? मला अजून आठवत नाही. खोटं तुम्ही बोलत नव्हतात हे मला माहीत आहे. पण ती गाय मला एकदा दाखवायला हवी होतीत.

मीही काही नुसती मागे बसून फिरले नाही. वस्तू उरल्यावर तुम्ही धावायचात, त्या उरूच नयेत हे माझं वेड. नव्या घराचा नकाशा काढताना खोल्यांची लांबीरुंदी मी चिऱ्याच्या मापात बसवायला लागले. अख्खा चिरा, जोडीला अर्धा, की कोपऱ्यावर तोडातोड नाही. सिमेंटचा माल जेवणाच्या सुट्टीआधी किती कालवायचा ते ठरवून दिलं, म्हणजे घमेल्यात वाळून फुकट जायला नको. सेंटरिंगच्या फळ्या कापायच्या नाहीत, एकावर एक चढवून बसवायच्या. आमचा जयराम गवंडी आधी कुरकुरला, मग त्याचा तोच दुसऱ्यांना शिकवायला लागला. तुम्ही गावभर सांगत सुटलात, "आमच्या साइटवर आता मुलीच उरत नाहीत, आमच्या इंजिनीअरीणबाईनं धंदा बसवलान माझा." असं कौतुक मला पुन्हा कोण करणार आहे?

तरीही तिसऱ्या गटातलं राहायचंच. चिऱ्यांचे बारीक तुकडे, फुटकी कौलं, जमिनीच्या कोब्याचे ढलपे, गिलाव्याचा चुरा. दुसरे लोक असला राडारोडा डंपरमध्ये भरून सड्याच्या कातळावर बंद पडलेल्या चिरेखाणीत लोटून देतात. तुम्ही कधी लोटला नाहीत. त्या खाणीत पावसाचं पाणी साठतं, शिमग्यापर्यंत टिकतं आणि वाडीची गुरं तिथेच पाणी पितात. "आपल्या साइटवरचं काही खाणीत पडणार नाही," असं तुम्ही वाडीसमोर एकदा बोलून बसला होतात. मग तो ढीग दामूकाकांच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, आपल्या घराशेजारी, वाढत राहिला. वर्षं गेली. त्यावर रानमोडी उगवली, भारद्वाज फिरायला लागला. पावसात भिजून दगड झालेली सिमेंटची एक गोण तुम्ही त्याच्या पायथ्याशी ठेवलीत आणि संध्याकाळी तिच्यावर बसून चहा प्यायला लागलात. दामूकाका कुंपणापलीकडून ओरडायचे, "दसऱ्याला मुलाच्या घराचा पाया घालायचाय मला, हे डोंगर उचला!" दसरा यायचा आणि जायचा. ह्या वर्षी मात्र पाया खरंच घालायचा होता.

आपलं शेवटचं भांडण ह्यावरच. मी डंपरवाल्याला सोमवारी बोलावलं होतं. जेवताना तुम्हाला सांगितलं. तुम्ही अळू कालवता कालवता म्हणालात, "थांब गो. ह्याचीही सोयरीक जमेल."

"कोण करणार ह्याच्याशी? चुरा आहे तो!"

"सोमवारला अजून वेळ आहे ना?"

एवढंच. त्यानंतर तुम्ही भाजी मागितलीत. भांडल्याचं मला काही वाटत नाही, भांडल्याशिवाय आपलं जेवण कधी झालं होतं? पण 'डंपर नको' असं तुम्ही स्पष्ट म्हणाला नाहीत आणि 'बरं' असंही नाही. तो निर्णय माझ्यावर टाकून झोपलात. दुसऱ्या दिवशी मी डंपरवाल्याला नको म्हणून कळवलं, तेवढंच सुचलं. पुढे काय करायचं ते काहीच ठाऊक नव्हतं.

तुम्हाला न्यायची वेळ झाली तेव्हा मी निघाले. दामूकाका म्हणाले, "बायका येत नाहीत गो." ताई म्हणाली, "ती साइटवर जात्येय, जाऊ दे तिला." मी चालायला लागले. आपल्या वाडीचं स्मशान खाली खाडीच्या कडेला, हे तुम्हाला सांगायला नको. सड्यावरून खाली उतरणारी वाट म्हणजे नुसती तांबडी घसरगुंडी. वर भुरभुर चालूच. चप्पल रुतायची, पाय निघायचा आणि चप्पल तिथेच. पहिल्या वळणावर जयरामचा पाय सटकला, मागचे दोघे मटकन खाली बसले, आणि तुम्ही तिरडीसकट असे एका बाजूला कललात की मी दोन्ही हात पुढे केले. जयरामच्या तोंडून, परांचीवर तो तुम्हाला रोज ओरडून सांगायचा तसंच निघून गेलं, "दादा, धरा हां घट्ट!"

कुणाला तरी हसू फुटलं. मग दुसऱ्याला. मग, भावोजी, सगळी वाडी त्या चिखलात उभी राहून हसली, डोळ्यांतून पाणी गाळत हसली. दामूकाकासुद्धा. जयराम तर हसतही होता आणि हुंदकेही देत होता. मला वाटतं, तुम्हाला न्यायची ह्याहून चांगली रीत नव्हती.

आणि हसता हसता मी वाटेकडे बघितलं. उतार किती, रुंदी किती, पाणी कुठून येतंय, कडेला गटार का नाही. खाली घट्ट जांभा, वर फक्त चिखल. ह्याला भर हवी. चिऱ्याचे तुकडे, कोब्याचे ढलपे, वर कौलांचा चुरा धुमसानं ठोकून बसवलेला. मी रडत होते आणि डोक्यात आपल्या ढिगाचं घनमाप चाललं होतं. तुम्ही सोमवारपर्यंत वेळ मागितला होतात. ढिगाची सोयरीक रविवारीच जमली.

तेरावं झाल्यावर मी वाडीसमोर ढिगाच्या आणि स्मशानवाटेच्या सोयरिकीचा विषय काढला. वाटलं होतं, सगळे हो म्हणतील. कसलं काय! दामूकाका उसळले, "घरांचे चिरे स्मशानाच्या वाटेला? ज्यांची ती घरं, त्यांना काय वाटेल? अशुभ आहे गो हे!" दोघातिघांनी माना डोलावल्या. ढीग आपल्या प्लॉटमधून जावा म्हणून वर्षानुवर्षं ओरडणारा माणूस ढिगाला जाऊ देईना. मी चिडून काहीतरी बोलणार, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाली, "ज्यांची ती घरं होती, ते सगळे त्याच वाटेनं खाली गेल्येत की नाही, काका? आपल्या घरावरून चालत जायला मिळालं तर बरंच वाटेल माणसाला."

मग दामूकाका म्हणाले, "पोहे तरी टाक मग. सोयरीक म्हटलीस ना?"

म्हणून भावोजी, मी ढिगाचा रीतसर दाखवण्याचा कार्यक्रम केला. ताईनं पोहे केले. मी ढिगासमोर उभी राहिले आणि खोड आधी सांगितली: कौलांचे तुकडे पहिला पावसाळाभर टोचतील, अनवाणी चालू नये, गिलाव्याची पांढरी धूळ कपड्यांना लागेल, आणि ढीग एका जागी बसायला वेळ घेईल, स्वभाव थोडा ढिला आहे. मग आपल्या रीतीनं वाटेकडच्यांची चौकशी केली. गटार साफ कोण ठेवणार? वर गुरं कोण सोडणार नाही? सगळ्यांनी शहाण्यासारखी उत्तरं दिली. तुम्ही असतात तर लिंबू पिळलं असतंत.

गणपतीला मुंबईकर आले होते, विसर्जन झालं, हात मोकळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घमेल्यांची रांग लागली. बायका, पुरुष, सगळे. जयराम धुमस घेऊन पुढे, मी दोरी लावून उतार धरत मागे. वरच्या वळणापासून काम खाली सरकत गेलं. कुणी एखादा तुकडा उचलून म्हणायचं, "हा आमच्या न्हाणीघरातला वाटतो," आणि जपून बसवायचं. दुपारी गाणी सुरू झाली. स्मशानाच्या वाटेवर गाणी, भावोजी! वरून ताई चहाची किटली घेऊन उतरली तर तिच्यासमोर गप्प होऊन हात जोडायच्या ऐवजी सगळे म्हणाले, "वहिनी, साखर कमी का?"

आणि मग गंमत झाली. ढीग कमी पडला. अगदी खाली, खाडीजवळचा पट्टा उघडा राहिला आणि प्लॉटमध्ये चिमूटभर चुरा उरला नाही. तुम्ही नऊ-दहा वर्षं साठवलेला डोंगर, ज्यावरून आपण एवढे भांडलो, तो पुरला नाही. दामूकाका लगबगीनं वर आले. "अजून असेल बघ गो कुठे! आमच्या मागच्या बाजूला फुटका रांजण आहे, चालेल?" मग प्रत्येकाच्या परसातलं निघालं. मोडकी चूल, तडकलेली लादी, जुन्या पाट्या-वरवंट्यातला पाटा. जो तो आपल्या वस्तूची खोड सांगूनच देत होता. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. तुम्ही इतकी वर्षं बोलत होतात ते ह्यांच्या कानांत साठत होतं, आणि आपल्याला वाटायचं की सगळे तुम्हाला वेडे समजतात.

सिमेंटची गोण मात्र मी आधी देत नव्हते. तुमची बसायची जागा. मग जयराम म्हणाला, "बाई, मधल्या वळणावर तिरडी उतरवतात, तिथे म्हाताऱ्या माणसांना टेकायला काय नाय." ती उचलायला चौघे लागले. आता ती तिथे आहे, विसाव्याच्या जागी, खाडीकडे तोंड करून.

संध्याकाळी दामूकाका वरपासून खालपर्यंत काठी आपटत चालून आले. गोणीवर बसले. पाय ताणले. खाडीवरून वारा येत होता. म्हणाले, "झकास झालंय. आता जायला हरकत नाही."

"घाई करू नका काका," मी म्हटलं, "भर अजून बसायचीय."

परतले तेव्हा ताई रिकाम्या प्लॉटच्या कडेला उभी होती. ढिगाखालची तांबडी माती उघडी पडली होती. ती म्हणाली, "किती मोठी होती गो जागा," आणि माझा हात धरला. आम्ही दोघी खूप वेळ तशाच उभ्या होतो. ती हसत होती, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

दिवाळीनंतर माहेरचं माणूस म्हणून वाट बघायला मी जाईन. दर वर्षी जाईन, गटार उपसलंय की नाही तेही बघीन. सोयरीक चांगली झाली, भावोजी. पण खोड लपवायची नाही असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून तीही सांगून टाकते: त्या वाटेनं खाली जाताना पाय अजिबात घसरत नाही, फक्त वर येताना तुमच्याशिवाय यावं लागतं.